अडतीची पट्टी वर्गात आणा

सहावी ते आठवीच्या वर्गांत उत्पादन, वितरण आणि उपभोग शिकवताना फळ्यावर बहुधा तीन चौकोन निघतात, त्यांच्यामध्ये दोन बाण आणि खाली तीन व्याख्या. मुले त्या पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. या तिन्हींना सारखेच वजन दिले जाते, तिथेच पाठ फसतो असे आम्हांला वाटते. शेत, भट्टी, माग डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे उत्पादन मुलांना दिसते. उपभोग तर ती रोजच घेतात. दिसत नाही ते वितरण. पण भाव ठरतो तो तिथे, आणि कष्टाचा, भांडवलाचा, जोखमीचा मोबदला कोणाच्या पदरात किती पडणार हेही तिथेच ठरते. म्हणून या पाठाची सुरुवात वितरणापासून करावी आणि त्यासाठी आपल्याच भागातल्या व्यवसायाचा इतिहास हाताशी घ्यावा. वितरण नजरेस पडत नसले, तरी ते कागद मागे ठेवते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचीच गोष्ट घ्या. ती आपण चिकाटीचा धडा म्हणून सांगतो आणि तिच्यातले अर्थशास्त्र वाया घालवतो. बेळगावात लोखंडी नांगर तयार झाला, पण त्याला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. म्हणजे उत्पादन पूर्ण झाले होते, पुढची वाट बंद होती. शेतकऱ्याला अडाणी ठरवून इथे पुढे जाणे सोपे आहे, पण मुलांना विचारावे: नांगर फसला असता तर हंगाम कोणाचा बुडाला असता? पुढे १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी कारखान्याला जागा दिली ती निवडुंगाने भरलेल्या माळावर. मात्र त्या माळाशेजारी कुंडल रोड हे रेल्वे स्थानक होते. ओसाड माळ आणि रेल्वे या दोन गोष्टी नकाशावर एकत्र दाखवल्या की कारखान्याची जागा कशी ठरते, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्या स्थानकालाच पुढे किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले. कारखानदाराला छापखान्याची गरज का भासावी, हा प्रश्न सातवीच्या मुलांना नक्कीच पेलेल.

तिथून जवळच सांगलीच्या हळदीचा व्यापार आहे. वितरण म्हणजे केवळ वाहतूक नव्हे, हे शिकवायला त्याच्याइतके चांगले उदाहरण मिळणे कठीण. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल पेवे खणत. पेवाचे तोंड मातीने बंद केले की आतला प्राणवायू संपत जातो आणि कीड जगत नाही. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. ते काही तास मोकळे ठेवायचे, मग कंदील खाली सोडायचा आणि तो विझत नाही असे पाहूनच माणसाने उतरायचे. या एका कृतीत विज्ञानाचा पाठ आहे आणि श्रमाच्या जोखमीचाही. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की हळद पेवात ठेवून भावाची वाट पाहणे कोणाला परवडत होते? ज्याला लग्नासाठी किंवा बियाण्यासाठी आजच पैसे हवेत, तो आजच्या भावाने विकतो. ज्याच्याकडे थांबण्याची ऐपत असते, तो उद्याच्या भावाने. २००५ च्या महापुरात यांतल्या अनेक पेवांत पाणी शिरले. साठवणुकीची जोखीम कोणी सोसायची, हा प्रश्न त्यातून आपोआप पुढे येतो.

पण आमच्या मते सर्वांत बोलका कागद आहे तो अडत्याने शेतकऱ्याला दिलेली पट्टी. वर वजन आणि दर, त्याखाली हमाली, तोलाई, अडत आणि शेवटी हाती आलेली रक्कम. तिच्यातली प्रत्येक ओळ म्हणजे मधल्या साखळीतला एक माणूस आणि त्याचे काम. अशा पट्टीवर मुले गणित करतात, तेव्हा वितरण व्याख्येतून बाहेर येते. पट्टीतल्या ओळी निसर्गनियम नाहीत, त्या भांडून बदलल्या आहेत, हे दाखवायला इतिहास लागतो. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याच्या जागी उघड लिलाव आणणे, हा या सुधारणांचा मोठा भाग होता. रुमालाखालचा सौदा वर्गात दोन मुलांना करून दाखवायला सांगा. बाजूला उभ्या राहिलेल्या ‘शेतकऱ्याला’ काय कळले, हे त्यालाच विचारा. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर राज्यात २०१६ मध्ये फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला. त्याआधीची आणि नंतरची पट्टी शेजारी शेजारी ठेवावी. खरेदीदाराने ती रक्कम भावातूनच वळती केली असेल का, असे एखादे चुणचुणीत मूल विचारील. तिथे पाठ खऱ्या अर्थाने सुरू होतो.

यावर पहिला आक्षेप वेळेचा येईल आणि तो खोटा नाही. आम्ही जादा प्रकल्प सुचवत नाही. व्याख्या लिहून देण्यात जाणाऱ्या तासिकांतच हे बसते, कारण पट्टी समजली की व्याख्या मुले स्वतः करतात. दुसरा आक्षेप असा की आमच्या गावात कसला आलाय व्यवसायाचा इतिहास? आठवडे बाजार आहे, पिठाची गिरणी आहे, दूध संकलन केंद्र आहे. संकलन केंद्राच्या पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर असतो. जुन्या पावत्या जपून ठेवणारे एखादे घर बहुतेक गावांत सापडते.

तिसरा आक्षेप गंभीर आहे. स्थानिक व्यवसायाचा इतिहास म्हणता म्हणता कारखानदारांची आरती सुरू होते. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका आणि गौरवग्रंथ हीच साधने वापरली तर हे होणारच. त्यावर उपाय म्हणजे दुसऱ्या बाजूचा कागद. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणला, हे सांगावे. त्याच तासाला खर्चीवाल्या यंत्रमागधारकाचे गणितही मांडावे. सूत व्यापाऱ्याचे, कापडही त्याचेच, माग आणि वीजबिल मात्र याचे, आणि मजुरी ठरते ती पिकाला (म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्याला) अमुक पैसे अशी. इथे ‘उत्पादक’ कोण, यावर वर्गात मतभेद झाले तर शिक्षकाने निकाल देण्याची घाई करू नये. मुंबईतल्या गिरण्यांचा इतिहासही १९८२ च्या संपाशिवाय सांगितला, तर ते अर्धेच शिकवणे ठरेल.

राहिला प्रश्न मुलांच्या घरांचा. पट्टी, उधारीची वही, सावकाराची चिठ्ठी हे घरातले उघडे न करण्याचे कागद आहेत. कोणाच्या बापाला किती कर्ज होते, हे वर्गात कळले तर त्या मुलासाठी तो पाठ आयुष्यभराची बोच ठरेल. म्हणून मुलांना घरून हिशेब आणायला सांगू नये. शिक्षकाने जुने कागद मिळवावेत, नावे झाकून त्यांच्या प्रती काढाव्यात. जातीनुसार वाटलेली कामे आणि नाकारलेली उधारी हे विषय टाळता येणार नाहीत आणि टाळूही नयेत, मात्र ते कागदाच्या आधाराने मांडावेत, समोर बसलेल्या मुलाच्या नाही.

गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये सुरू झाली आणि तिच्या अगदी आरंभीच्या पाहण्यांत पुण्याच्या फळबाजाराची पाहणी होती. ती पाहणी करणाऱ्या धनंजयराव गाडगीळांसारख्या अभ्यासकाला जिथून सुरुवात करावीशी वाटली, ती जागा आपल्या मुलांना हलकी ठरू नये. जूनमध्ये वार्षिक नियोजन करताना या पाठासाठी एक पट्टी किंवा पावती निश्चित करा. जे शिक्षक असा तास घेतील, त्यांनी वापरलेल्या कागदाची नावे झाकलेली प्रत आणि मुलांनी विचारलेले प्रश्न आम्हांला पाठवावेत. उत्तरे नाही पाठवली तरी चालेल.