पायाची सूज आणि तापलेली सळई

मुंबईत कुठले आले शेतकरी, असे पुष्कळांना वाटते. पण गोराई-मनोरीची शेते, आरे दुग्धवसाहतीतले तबेले आणि तिथल्या पाड्यांवरची एकदोन गुरे आजही आहेत. २०२२ च्या लम्पीच्या साथीत अशाच एका पाड्यावर गेलो होतो. गाय दाव्याला उभी, अंगभर गाठी, पुढचे पाय सुजून खांबासारखे, आणि सुजेवर सळईचे ताजे डाग.

"पाणी साचलंय ना पायात, म्हणून वाट करून दिली साहेब," घरधनी म्हणाला.

त्याचे अर्धे बरोबर होते. पाणी साचले होते. पण वाट झाली नव्हती, होती तीही बिघडली होती. पुढे डागांत किडे पडले आणि गाय गेली.

ही वाट कोणती, ते समजून घ्या. रक्तातले थोडे पाणी सतत बाहेर मांसात झिरपते. ते परत नेण्यासाठी कातडीत केसासारख्या बारीक नळ्यांचे जाळे असते. त्या पाण्याला लसिका म्हणतात. या नळ्यांच्या तोंडाशी झडपा असतात. बाहेर पाणी वाढले की त्या उघडतात. पुढच्या जाड नळ्यांत, आपल्या पंपाच्या फूटव्हॉल्वसारख्या, पाणी मागे येऊ न देणाऱ्या झडपा असतात. नळी स्वतः आकसते आणि पाणी पुढे ढकलते. जनावर चालले की स्नायूंचा दाब त्यात भर घालतो. वाटेत खांद्यापुढच्या आणि मांडीपुढच्या गाठींत पाणी गाळले जाते व शेवटी छातीच्या तोंडाशी रक्तात मिसळते.

लम्पीत नेमक्या याच नळ्या आणि गाठी सुजतात. पाट तुंबला की शेत चिबडते, तसे पाय आणि गळ्याखालची कातडी भरते. आता सांगा, तुंबलेल्या पाटावर कोणी निखारे टाकतो का? डागाने कातडीतले जाळे जळते, आणि जखमेवर माशी बसते ती वेगळीच.

तेव्हा पशुवैद्यकांना विचारून कोमट मिठाच्या पाण्याने शेक द्या. उठते जनावर सावकाश चार पावले चालवा, पण औताला मुळीच जुंपू नका. बसलेल्याची कूस बदला, खाली मऊ गवत घाला. आजारी जनावर वेगळे बांधा. डास, माश्या, गोचिडे हा रोग पसरवतात. माणसाला तो होत नाही.

आणखी एक. लस कातडीखाली टोचतात, तीही याच नळ्यांतून गाठीपर्यंत पोचते आणि तिथेच रोगाशी लढायची तयारी होते. साथ आल्यावर धावपळ करण्यापेक्षा दरवर्षी वेळेवर लस टोचून घ्यावी, हे उत्तम.

सरपंच, ग्रामसेवकांनाही सांगणे आहे. २००९ च्या कायद्याप्रमाणे अशा रोगाची खबर मालकाने गावात द्यायची आणि गावाने ती पशुवैद्यकाकडे पोचवायची असते. २०२२ मध्ये सरकारने लम्पीने मेलेल्या गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये मदत ठरवली होती. पण खबरच नाही, पंचनामाच नाही, तर मदत कशाच्या आधारावर मिळणार?

दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. आम्ही विस्ताराची माणसे 'डाग देऊ नका' असे पत्रक वाटतो आणि पुढच्या गावाला जातो. का देऊ नये, हे सांगायला ओट्यावर बसत नाही. त्या घरधन्याला फूटव्हॉल्व माहीत होता. कोणी अर्धा तास बसून समजावले असते, तर सळई चुलीत गेलीच नसती.

यापुढे तुमच्या गावात आमच्यापैकी कोणी आला, तर त्याला नुसते पत्रक घेऊन सोडू नका. 'का' ते विचारा आणि उत्तर घेतल्याशिवाय उठू देऊ नका.