शहराची नोंदवही

पुण्या-मुंबईच्या जुन्या वसाहतींत राखी धनेश आजही दिसतो. उन्हाळा लागताना मादी एखाद्या जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचे तोंड लिंपून घेते आणि स्वतःला आत कोंडून ठेवते. उघडी राहते ती चोच बाहेर काढता येईल एवढी फट. आत असताना तिची उडण्याची पिसेही झडतात. पुढचे काही आठवडे वड-उंबराची फळे आणून नर तिला त्या फटीतून भरवतो. याच दिवसांत महापालिकेची पावसाळापूर्व छाटणी जोरात असते, आणि ढोलीचे झाड म्हणजे पोकळ झाड, म्हणजे धोकादायक झाड. वृक्षगणनेत ते झाड एक आणि शेजारी लावलेले रोपही एकच धरले जाते. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावावीत, असे २०२१च्या दुरुस्तीने राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात आणले, हे चांगलेच झाले. पण साठ रोपे मिळून एक ढोली होत नाही. शहरात ढोल्या किती आहेत, कोणत्या भागात आहेत, दहा वर्षांत किती गेल्या, हे कोणी मोजायचे?

शहरी परिसरशास्त्राचे भवितव्य उपग्रहचित्रे, सेन्सर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेत आहे, असे सध्या परिषदांमधून ऐकू येते. ही साधने हवीतच. मात्र या शास्त्राला आपल्याकडे खरी वाण आहे ती एकाच जागी, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदींची.

अशा नोंदींनी काय हाती लागते, ते बाल्टिमोरमध्ये दिसले. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९९७ मध्ये दीर्घकालीन परिसर-संशोधनाच्या जाळ्यात बाल्टिमोर आणि फिनिक्स ही दोन शहरे घेतली. बाल्टिमोरच्या संशोधकांनी ओढ्यांचे पाणी दर आठवड्याला तपासायला सुरुवात केली आणि ते काम चिकाटीने चालू ठेवले. ओढ्याकाठची झाडोऱ्याची पट्टी जमिनीतून झिरपणारे नायट्रेट अडवते, असे तोवर सर्वत्र शिकवले जात होते. शहरात मात्र वेगळेच घडत होते. छपरांवरून आणि डांबरी रस्त्यांवरून येणारा लोंढा ओढ्याचे पात्र खोल कोरतो. काठाखालची पाणीपातळी उतरते आणि माती कोरडी पडते. नायट्रेटचा वायू करणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू नसलेली चिंब माती लागते, तीच उरत नाही. मग नायट्रेट अडवणारा काठ उलट ते ओढ्यात सोडू लागतो. काठावर झाडे लावली की नदी सुधारली, असे गृहीत धरणाऱ्या प्रत्येक शहराने हे वाचायला हवे. पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर लांबीच्या काठाच्या विकासाचा प्रकल्प हाती घेतला आहे. ठरलेल्या जागांची, काठाच्या ओलीची आणि पाण्याची प्रकल्पाआधीची पंधरा वर्षांची नोंद हाताशी असती, तर नदीवरची चर्चा आरोप-प्रत्यारोपांच्या पुढे गेली असती.

आपल्याकडे हे जमत नाही, असे नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले बिबटे अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक करून ओळखले गेले. २०१५ मध्ये उद्यान आणि लगतचा परिसर धरून ३५ बिबटे मोजले गेले, पुढेही मोजणी होत राहिली. पकडलेला बिबट्या दुसरीकडे सोडला की तिथे हल्ले वाढतात, हे वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागातल्या अभ्यासातून दाखवून दिले. पिंजरा लावा, ही मागणी आजही होते. तिला उत्तर द्यायला वनखात्याच्या हाती काही पुरावा आहे, तो अशा चिवट कामामुळे.

नाल्यांच्या, टेकड्यांच्या, कचराभूमीच्या वाट्याला हे भाग्य आलेले नाही. पीएच.डी. संपते, अनुदान संपते, विद्यार्थी दुसऱ्या गावी जातो आणि नोंद तुटते. हौशी पक्षीनिरीक्षकांच्या याद्या मोलाच्या आहेत, पण रविवारी सकाळी माणसे तलावावर जातात. सांडपाण्याच्या नाल्याकाठी, पत्र्याच्या घरांमधल्या एकुलत्या पिंपळाखाली जात नाहीत. उन्हाची काहिली सर्वांत जास्त जिथे सोसावी लागते, तिथलीच माहिती सर्वांत कमी.

महाराष्ट्रातल्या महापालिकांच्या आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरणाचा सद्यस्थिती अहवाल सभेपुढे ठेवावा, असे कायदाच सांगतो. या अहवालात वाहने, कचरा, पाणी, हवा यांचे तक्ते असतात. सजीवांचे प्रकरण बहुधा झाडांची संख्या आणि प्रजातींच्या यादीवर आटोपते, आणि तेही ठेकेदार संस्थेने काही आठवड्यांत उरकलेले असते. त्याऐवजी प्रत्येक प्रभागात चार-पाच जागा कायमच्या ठरवाव्यात. त्यांत नाला असावा, झोपडपट्टी असावी, रिकामा भूखंडही असावा. जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र विभागांकडे त्या सोपवाव्यात आणि नोंदी सर्वांना खुल्या ठेवाव्यात. हे काम सांभाळायला महापालिकेत परिसरशास्त्रज्ञाचे कायम पद हवे, कारण ठेका तीन वर्षांनी बदलतो आणि वडाला ढोली पडायला कितीतरी दशके लागतात. उद्यान अधीक्षकाचे पद महापालिकेत असतेच; त्याच्या शेजारी आणखी एक खुर्ची, एक छोटी प्रयोगशाळा आणि फिरायला एक गाडी, एवढाच हा खर्च आहे.