नेसरीचे सात वीर : कवितेत काय, कागदात काय?

कुसुमाग्रजांची नेसरीच्या सात वीरांवरची कविता हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत आणि लतादीदींच्या आवाजात घरोघरी पोहोचली. पुढे तीच अनेकांसाठी इतिहास झाली. मग कागदपत्रे काय सांगतात?

ठपका कशाचा?
कवितेतल्या पत्रात सैन्य पळाल्याचा ठपका आहे. सभासद बखरीनुसार प्रकरण वेगळे आहे. सरनौबत प्रतापराव गुजरांनी १६७३ मध्ये उमराणीजवळ आदिलशाही सरदार बहलोलखानाला कोंडले होते. तो शरण आल्यावर त्यांनी त्याला सोडून दिले. शिवाजी महाराज रागावले ते हातातला शत्रू सोडल्यामुळे, पराभवामुळे नव्हे.

सातच होते का?
सभासद मोठी लढाई झाल्याचे सांगतो. पण इंग्रज कंपनीचा दुभाषी नारायण शेणवी याचे एप्रिल १६७४ चे पत्र जास्त जवळचे आहे. दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव सहा स्वारांसह मारले गेले, मागच्या फौजेची मदत पोहोचली नाही, असे त्यात आहे. म्हणजे सात हा आकडा कवीची कल्पना नाही. मात्र सात जणांनीच ठरवून छावणीवर झेप घेतली, असे हे पत्र म्हणत नाही. जेधे शकावली या घटनेची तिथी महाशिवरात्रीची देते. इंग्रजी तारीख २४ फेब्रुवारी १६७४.

सहा जणांची नावे?
मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत ती ठामपणे दिलेली असतात. त्यांना समकालीन कागदाचा आधार मिळत नाही. कवितेतही ती नावे नाहीत.

आमचे मत
कवीने बोल लागलेल्या सेनापतीच्या मनातली आग टिपली. ते त्याचे काम होते आणि ते त्याने चोख केले. चूक होते ती कवितेला पुरावा मानण्यात आणि तिच्या मोकळ्या जागा ऐकीव नावांनी भरण्यात. त्यात प्रतापरावांवरही अन्याय होतो. शरण आलेल्याला अभय देणारा सेनापती पळपुट्या सैन्याचा नायक ठरतो. शिवाय मदत का पोहोचली नाही, हा खरा लष्करी प्रश्न बाजूलाच राहतो. कविता गावी, अंगावर काटाही यावा. पण शाळेच्या फलकावर किंवा स्मारकावर नाव कोरण्याआधी एकच विचारावे : हे कोणत्या कागदात आहे?