भरपाई तिची, फी वकिलाची, कर मात्र तिच्यावर

सल्लाकेंद्रात तडजोडीची बोलणी सुरू झाली की मी बाईला एक प्रश्न हमखास विचारते, "ताई, हातात किती पडणार?" कागदावरचा आकडा आणि घरी नेण्याचा आकडा यांत पुष्कळ अंतर असते. ते अंतर किती क्रूर असू शकते, याचा एक दाखला अमेरिकेतला आहे.

शिकागो परिसरातील एक महिला पोलीस अधिकारी कामावरच्या लैंगिक भेदभावाविरुद्ध वर्षानुवर्षे लढली आणि जिंकली. भरपाई मिळाली ३ लाख डॉलर. शिवाय वकिलांची फी व खर्च मिळून जवळजवळ १० लाख डॉलर तिच्या मालकांनी द्यायचे ठरले. हे १० लाख वकिलांकडे गेले, पण करखात्याच्या लेखी तेही तिचेच उत्पन्न! फीची वजावट कायद्यात होती, पण पर्यायी किमान कराच्या गणितात ती नाहीशी होई. कराचा आकडा भरपाईपेक्षा ९९ हजार डॉलरने जास्त निघाला. हे प्रकरण २००२ साली गाजले.

ऑक्टोबर २००४ मध्ये कायदा बदलला आणि भेदभावाच्या दाव्यांतील फी उत्पन्नातून थेट वजा होऊ लागली. पुढे जानेवारी २००५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने 'बँक्स' खटल्यात सांगितले की, वकिलाचा हिस्सा हे सर्वसाधारणपणे दावेदाराचेच उत्पन्न. म्हणजे नियम कायम, सवलत काहींनाच.

उरलेल्यांचे काय? घटस्फोटित नवऱ्याने खाजगी फोटो पसरवले म्हणून दावा लावणारी बाई घ्या. शारीरिक इजेची भरपाई करमुक्त. निव्वळ मानसिक यातनेची मात्र १९९६ पासून स्पष्टपणे करपात्र. तिला १ लाख मिळाले, ४० हजार वकिलाने घेतले, तरी कर १ लाखावर. २०१७ च्या कायद्याने अशा दाव्यांतील फीची उरलीसुरली वजावटही काढून घेतली. मन मोडले तर ती इजा नव्हे, हे ठरवले कोणी?

मैत्रिणींनो, हे सातासमुद्रापलीकडचे म्हणून सोडून देऊ नका. निकालातला हिस्सा फी म्हणून घेणे आपल्याकडील वकिलांना नियमाने मना आहे. फी बाईच्या पदरातूनच जाते. अन्यायाने काढलेल्या बाईला थकीत पगार मिळाला तर त्यावर पगार म्हणून कर लागतो. मागील वर्षांचा पगार एकदम हाती आला म्हणून वाढणाऱ्या करात सवलत मागता येते, पण तो मिळवण्यासाठी दिलेली फी त्यातून वजा होत नाही.

न्याय मिळवायला लागलेला खर्च ही कमाई नव्हे. म्हणून आपली मागणी साधी हवी: जे तिच्या हाती आलेच नाही, त्यावर कर नको. आणि तोवर, तडजोडीवर सही करण्याआधी करसल्लागाराला गाठा. सही झाल्यावर विचारून उपयोग नसतो.