पऱ्हाटी पेटवू नका, कुट्टी यंत्र बोलवा!

कपाशीची उलंगवाडी झाली. शेवटचा वेचा घरात आला, मजूर परतले आणि शिवारात नुसती पऱ्हाटी उभी आहे. येत्या काही आठवड्यांत ती उपटली जाईल, धुऱ्यावर ढीग लागतील आणि सांजेला त्यांना काडी लावली जाईल. यवतमाळपासून जळगावपर्यंत आणि वर्ध्यापासून परभणीपर्यंत दर वर्षी हेच होतं. यंदा ते होऊ देऊ नका. कपाशी घेणाऱ्या प्रत्येक शेतकरी बंधू-भगिनीला, प्रत्येक ग्रामपंचायतीला आणि बॉयलर चालवणाऱ्या प्रत्येक कारखानदाराला ही कळकळीची विनंती आहे.

राज्यात कपाशीचा पेरा ४० लाख हेक्टरच्या आसपास असतो. हेक्टरी दोन ते तीन टन वाळलेली पऱ्हाटी निघते, म्हणजे एका हंगामात एक कोटी टनांच्या घरात माल आपल्या शिवारात उभा राहतो. गव्हाच्या काडासारखा तो हलका नसतो. त्याचा गुण टणक लाकडाच्या जवळ जाणारा आहे, म्हणूनच तो लवकर कुजत नाही आणि वखराला आडवा येतो.

पेटवणाऱ्याला नावं ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. पऱ्हाटी शेतात ठेवता येत नाही, हे कुठलाही कास्तकार सांगेल. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं हातातोंडाशी आलेलं पीक पोखरलं. तेव्हापासून डिसेंबरअखेर पीक संपवा, फरदड घेऊ नका, असं नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि कृषी विद्यापीठं बजावून सांगत आहेत. ते का, हे बघायचं तर उपटलेल्या झाडावरचं एखादं न उमललेलं, काळपटलेलं बोंड फोडा. आत पिवळट कवडी असते. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर हलकेच वेगळ्या करा. पोखरलेल्या त्या सरक्यांत अळी अंग आखडून पडलेली सापडते. काही न खाता ती तिथे महिनोन्महिने काढते आणि पाऊस लागला की पतंग होऊन नव्या कपाशीवर जाते. म्हणून जळतणासाठी पऱ्हाटी घरामागे रचून ठेवणंही घातकच. त्यात मजूर मिळत नाही, चिमट्यानं एकेक झाड उपटताना हात सोलून निघतात, पुढची मशागत खोळंबते. अशा वेळी काडी लावणं सोपं वाटणारच.

पण त्या धुरात आपलं काय जातं? झाडानं सहा महिने कमावलेला कर्ब जवळपास सगळा उडून जातो, नत्राचा मोठा वाटा जातो, ढिगाखालचे जिवाणू भाजून निघतात. दावणीची जनावरं कमी झाली, शेणखत मिळेनासं झालं, माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब कित्येक ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्याही खाली निघतो, आणि तरीही आपण होऊ घातलेलं खत पेटवून देतो. रात्रभर धूर गावावर बसतो, म्हाताऱ्या माणसांचा दमा उसळतो, ते वेगळंच.

अळीही मरावी आणि मालही हाती राहावा, याला सरळ वाट कुट्टीची. ट्रॅक्टरवर चालणाऱ्या श्रेडरमधून बोंडासकट पऱ्हाटीचे बारीक तुकडे झाले की अळीला थारा राहत नाही. उरलीसुरली खताच्या ढिगाच्या उष्णतेनं मरते. शिवाय मोकळी पऱ्हाटी ट्रॉलीत मावत नाही, वाहतुकीतच पैसा जातो. कुट्टी केली तर त्याच ट्रॉलीत कितीतरी जास्त माल बसतो.

पुढचं कामही अंधारात चाचपडण्यासारखं नाही. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून उभी असलेली केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि तिचं नागपूरचं केंद्र यांनी पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, ब्रिकेट, पेलेट आणि कंपोस्ट करण्याच्या पद्धती बसवल्या आहेत. ब्रिकेट होताना एकदा तरी बघा. कोरडा भुसा प्रेसमध्ये दाबला जाताना तापतो, त्यातलं लिग्निन मऊ पडतं आणि तेच डिंकाचं काम करतं. वरून चिकटवायला काहीही लागत नाही. बाहेर येते ती मनगटाएवढी जाड, तपकिरी, गुळगुळीत कांडी. किलोमागे ४,००० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता ती देते. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात जैवइंधन मिसळावं, असं केंद्र सरकारचं धोरण आहे, आणि कोराडी, खापरखेडा, मौदा, चंद्रपूर ही केंद्रं कपाशीच्या मुलखातच आहेत. ज्या बचत गटांना थोडक्या भांडवलात काही करायचं आहे, त्यांना याच कुट्टीवर धिंगरी अळिंबी घेता येते.

एक मात्र आग्रहानं सांगायचं आहे: सगळीच पऱ्हाटी विकू नका. निदान निम्मी कुट्टी शेण, पाणी आणि कुजवणारं जिवाणू-संवर्धन घालून आपल्याच जमिनीला परत द्या. बॉयलरच्या नादात वावर उपाशी राहिलं तर तोही तोटाच.

आता ज्यानं त्यानं आपलं काम उचलावं. सरपंचांनी २६ जानेवारीच्या ग्रामसभेची वाट पाहू नये, तोवर निम्मं शिवार जळून गेलेलं असेल. याच आठवड्यात बैठक घ्या, कोणाची किती एकर पऱ्हाटी आहे ते लिहून काढा आणि भाड्याचं श्रेडर कोणत्या दिवशी कोणत्या पांदणीला येणार ते फळ्यावर लावा. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानातून स्वतःचं यंत्र घेण्यासाठी महाडीबीटीवर अर्ज करावा, म्हणजे पुढच्या हंगामाला भाड्याची गरज राहणार नाही. शहरात गेलेल्या गावच्या लेकरांनी पहिल्या खेपेचं भाडं उचललं तरी मोठं काम होईल. आणि कारखानदारांनो, "शेत साफ करून देतो, माल आमचा" हा व्यवहार बंद करा. टनाचा भाव आधी जाहीर करा, ट्रॉली बांधापर्यंत पाठवा, वजन शेतकऱ्यासमोर करा आणि पैसे आठवड्याच्या आत त्याच्या खात्यात टाका.