‘खऱ्या’ अल्फ्रेडोचा शोध

रोममध्ये एकाच माणसाच्या नावाने चालणारी दोन उपाहारगृहे आहेत. एक ‘व्हिया देल्ला स्क्रोफा’ या रस्त्यावर, दुसरे ‘पियाझ्झा आउगुस्तो इंपेरातोरे’ या चौकात. ‘फेत्तुचीने अल्फ्रेडो’ या पदार्थाचा अस्सल वारसा आपल्याकडेच आहे, असा दोघांचाही दावा. दुसऱ्याने तर नावातच ‘इल व्हेरो’, म्हणजे ‘खरा’, हे विशेषण घालून घेतले आहे. पाटीवर ‘खरा’ हा शब्द येतो तेव्हा खरेपणाचा वाद आधीच सुरू झालेला असतो, हे साहित्याच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको.

या पदार्थाला कर्ता आहे, आणि तो अनामिकही नाही. आल्फ्रेदो दि लेलिओ हा रोममधला खाणावळवाला. घराण्यात सांगितली जाणारी कथा अशी, की १९०८ साली बाळंतपणानंतर पत्नीची अन्नावरची वासना उडाली, तेव्हा त्याने तिच्यासाठी अंडे घालून मळलेल्या पिठाच्या चपट्या पट्ट्या उकडल्या आणि भरपूर लोणी व किसलेले पार्मेझान चीज यांत घोळवून तिला खाऊ घातल्या. १९२० मध्ये मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स हे हॉलिवूडमधले तारे मधुचंद्रासाठी युरोपात गेले असता त्याच्याकडे जेवले. पुढे त्यांनी त्याला सोन्याचा काटा-चमचा भेट दिला, असेही सांगतात. १९४३ मध्ये त्याने स्क्रोफा रस्त्यावरचे उपाहारगृह विकले आणि १९५० मध्ये मुलासह चौकातले दुसरे उघडले. दोन दावेदारांचे मूळ हे असे आहे.

परंतु कर्ता सापडला म्हणून कृतीचे मूळ सापडले असे होत नाही. पंधराव्या शतकातील पाककर्ता मार्तीनो याच्या ग्रंथात ‘रोमन पद्धतीच्या माकारोनी’ची कृती आहे. तीत उकडलेल्या पट्ट्यांवर लोणी, चीज आणि मसाले घालायला सांगितले आहे. आजही इटलीतल्या घरांत लोणी-चीज लावलेला पास्ता होतो. पोट बिघडले, मूल कुरकुर करू लागले, की तो करतात. त्याला कोणी ‘अल्फ्रेडो’ म्हणत नाही. आपल्याकडच्या मऊ भाताला कोणी कर्त्याचे नाव द्यावे, तसे ते इटालियन माणसाला वाटेल. दि लेलिओची भर होती ती प्रमाणाची आणि प्रयोगाची. लोण्याचा सढळ हात, बारीक किसलेले चीज आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत, टेबलाशी उभे राहून, सारे घोळवण्याचा सोहळा. संहिता परंपरेची, सादरीकरण त्याचे.

मग ‘अल्फ्रेडो’ हे नाव रूढ केले कोणी? ते प्रामुख्याने अमेरिकन ग्राहकांनी केले. सिंक्लेअर लुईस यांच्या ‘बॅबिट’ (१९२२) या कादंबरीत स्क्रोफा रस्त्यावरच्या एका छोट्या खाणावळीचा आणि तिथल्या फेत्तुचीनेचा उल्लेख उच्चभ्रू गप्पांच्या ओघात येतो. तो पदार्थ ठाऊक असणे ही तेव्हाच प्रतिष्ठेची खूण झाली होती. पदार्थ अमेरिकेत पोहोचला आणि त्यात साय, म्हणजे दाट क्रीम, शिरली. पुढे लसूणही आला. लोणी, चीज आणि पट्ट्या उकडलेले पिठूळ पाणी यांचा एकजीव लेप होण्यासाठी हात सराईत लागतो आणि तो लेप क्षणभंगुर असतो. क्रीम मात्र चूक पोटात घालते, तासभर टिकते, बाटलीतही भरता येते. संतवाङ्मयात प्रसिद्ध नाममुद्रेखाली पुढच्यांच्या रचना येऊन बसतात. तसे ‘अल्फ्रेडो’ या मुद्रेखाली आज बाटलीबंद पांढरा सॉसही खपतो.

येथे दोन सोपी उत्तरे तयार असतात. पहिले शुद्धतावाद्याचे: क्रीम हा प्रक्षेप, तो काढून टाका. दुसरे उदारमतवाद्याचे: परंपरा सगळ्याच रचलेल्या असतात, तेव्हा खरे-खोटे करण्यात अर्थ नाही. हॉब्सबॉम आणि रेंजर यांनी १९८३ मध्ये संपादित केलेल्या परंपरांच्या निर्मितीवरील ग्रंथाचा दाखला देत हे दुसरे उत्तर वर्गात अनेकदा दिले जाते. मला दोन्ही अपुरी वाटतात.

शुद्धतावाद्याची अडचण ‘स्पॅगेटी आणि मीटबॉल्स’पाशी उघडी पडते. १८८० ते १९२४ या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत गेले. त्यांतले बहुसंख्य दक्षिण इटलीतले गरीब. मायदेशी सणासुदीला मिळणारे मांस तिथे रोजच्या आवाक्यात आले. घरी वेगळे वाढले जाणारे लहान गोळे मोठे झाले आणि शेवयांच्या ढिगावर चढले. त्या ताटात उपासमारीतून सुटल्याचा आनंद आहे. त्याला ‘नकली’ म्हणून नाक मुरडणे म्हणजे स्थलांतरिताच्या इतिहासालाच नाक मुरडणे. तो पदार्थ अस्सल आहे. फक्त तो नेपल्सचा नाही, न्यूयॉर्कचा आहे.

उदारमतवाद्याची अडचण अल्फ्रेडोपाशी. येथे बदल घडवला तो मुख्यतः पर्यटक, प्रसिद्धी आणि बाजार यांनी. तोही इतिहासच आहे, पण वेगळ्या जातीचा. दोन्हींना एकाच ‘संमिश्र संस्कृती’च्या पिशवीत टाकले, की बदल कोणी केला, कोणत्या गरजेपोटी केला आणि त्याचे श्रेय कोणाच्या पदरात पडले, हे विचारण्याची गरजच उरत नाही. समीक्षेचे काम नेमके तेथून सुरू होते.

म्हणून माझे म्हणणे इतकेच, की अस्सलपणा हा मूळ रूपाशी असलेल्या साम्याचा गुण मानू नये. तो आपल्या वंशावळीबद्दल खरे बोलण्याचा गुण मानावा. चिकित्सक आवृत्तीचा संपादक पाठभेद नष्ट करीत नाही, तो कोणत्या हस्तलिखितातला हे नोंदवतो. क्रीमचा अल्फ्रेडो अमेरिकन म्हणून आनंदाने खावा. तो ‘रोमचा पुरातन वारसा’ म्हणून विकला जाऊ लागला, की मात्र हरकत घ्यावी.

ही हरकत आपल्यालाही लागू आहे. पुण्या-मुंबईच्या कॅफेंतला ‘अल्फ्रेडो’ पुष्कळदा मैदा आणि दूध शिजवून केलेला असतो. तो वाईट नसतो. पण त्याच्याविषयी विचारायचा प्रश्न ‘हा खरा आहे का?’ असा नसून ‘हा कोणाकोणाच्या हातून इथवर आला?’ असा आहे. पहिल्या प्रश्नाला पाटीवर उत्तर मिळते. दुसऱ्यासाठी वाचावे लागते.