रस्त्यावरच्या मालाची खतावणी

गाडी भरून निघाली की व्यवहार पुरा झाला, अशी समजूत व्यापारी पेढ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बिलाची नक्कल फाइलला लागते, बिल्टी ग्राहकाकडे रवाना होते आणि पेढीचे लक्ष पुढच्या सौद्याकडे वळते. मधल्या दिवसांत माल कोठे आहे, गाडीचे कागद चालू आहेत का, चालकाला झोप मिळाली का, हे सारे प्रश्न वाहतूकदाराचे मानले जातात. आज मात्र वाटेवरचे हे दिवस हिशेबाबाहेर राहिलेले नाहीत. वस्तू व सेवा कर, मोटार वाहन कायदा, रस्ते मालवाहतुकीचा कायदा आणि आयकर या चारही बाजूंच्या नोंदी एकाच ट्रकभोवती गोळा होतात. त्यांतील एक चुकली तरी झळ पेढीच्या उंबरठ्यापर्यंत येते.

या सर्व नोंदी एका ठिकाणी ठेवणाऱ्या संगणकप्रणालीला ट्रान्सपोर्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर म्हणतात. स्वतःच्या गाड्या असणाऱ्या पेढ्या आणि ट्रान्सपोर्ट कंपन्या ती वापरतात. गाड्यांची व चालकांची यादी, कागदपत्रांच्या मुदती, बिल्टी, ई-वे बिल, काटापावती, भाड्याची उचल आणि बाकी, गाडीचा ठावठिकाणा आणि शेवटी पोहोच पावती, एवढा संसार ती सांभाळते. जुन्या भाषेत सांगायचे तर ही रस्त्यावरच्या मालाची खतावणी आहे. तिचा उपयोग कोठे होतो आणि कोठे संपतो, हे एका उदाहरणाने पाहावे.

समजा, इचलकरंजीतील एका पेढीने बालोतऱ्याच्या व्यापाऱ्याला १२ लाख रुपयांचे कापड विकले. अंतर १,३०० किलोमीटर धरू. कापडावर ५ टक्के दराने कर ६०,००० रुपये होतो. मालाची किंमत ५०,००० रुपयांहून अधिक असल्याने ई-वे बिल हवेच. त्याच्या पहिल्या भागात मालाचा तपशील आणि दुसऱ्या भागात गाडीचा क्रमांक असतो. दुसरा भाग भरल्यापासून मुदत मोजली जाते. १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या अंशाला एक दिवस मिळतो, म्हणून १,३०० किलोमीटरला ७ दिवस. पहिला दिवस दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्री संपत असल्याने सोमवारी सकाळी काढलेले ई-वे बिल पुढच्या सोमवारच्या मध्यरात्रीपर्यंत चालते.

गाडी वाटेत बिघडली आणि माल दुसऱ्या गाडीत चढवला, तर पुढे निघण्यापूर्वी नवा क्रमांक भरावा लागतो. मुदत संपत आली तर संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंतच ती वाढवता येते. मध्यरात्रीनंतरच्या त्या ८ तासांत पेढीवर कोणी जागे नसते. प्रणाली जागी असते आणि मुदत जवळ आली की मोबाइलवर सूचना धाडते. ही चूक महागही पडते. माल अडवला गेला आणि कलम १२९ लागू झाले, तर मालक पुढे आल्यावरही कराच्या दुप्पट दंड भरावा लागतो. वरच्या उदाहरणात तो १,२०,००० रुपये होतो. मालक पुढे आलाच नाही, तर दंड मालाच्या किमतीच्या ५० टक्के किंवा कराच्या दुप्पट, यांपैकी जो अधिक तो. दंडाची रक्कम भरल्याखेरीज किंवा तेवढ्या रकमेची हमी दिल्याखेरीज माल सुटत नाही आणि तिकडे ग्राहकाचा हंगाम निघून जातो.

प्रत्येक चुकीला मात्र ही शिक्षा नाही. गाडीच्या क्रमांकातील एखाद-दुसरा आकडा चुकला, नावाचे शुद्धलेखन बिघडले, अशा किरकोळ चुकांसाठी १४ सप्टेंबर २०१८ च्या केंद्रीय परिपत्रकाने कलम १२९ न लावता राज्य व केंद्र मिळून १,००० रुपयांच्या दंडावर सोडण्याचे सांगितले आहे. ज्याला हे ठाऊक असते, तो नाक्यावर घाबरत नाही. उलट, एक नियम अनेकांच्या लक्षात राहत नाही. माल विक्रीसाठी न जाता मजुरीवर प्रक्रियेसाठी दुसऱ्या राज्यात जात असेल, तर किंमत ५०,००० पेक्षा कमी असली तरी ई-वे बिल लागते. इचलकरंजीचे कोरे कापड रंगाई-छपाईसाठी राजस्थानात पाठवणाऱ्या पेढ्यांनी हा नियम प्रणालीतच घालून घ्यावा, म्हणजे तो नव्या कारकुनाच्या स्मरणावर अवलंबून राहणार नाही.

२०२१ सालापासून ई-वे बिलाची व्यवस्था फास्टॅगशी जोडलेली आहे. कोणती गाडी कोणत्या टोलनाक्यावरून कधी गेली, हे कर अधिकाऱ्यांना दिसू शकते. एकाच ई-वे बिलावर दोन खेपा करण्याची जुनी चलाखी आता टोलच्या नोंदीतच उघडी पडते. पेढीची वही आणि रस्त्याची वही यांचा ताळा आता सरकारच घालू लागले आहे. पेढीने तो आधी स्वतः घालावा, यातच शहाणपण आहे.

गाडीच्या कागदांचे वेळापत्रक याहून गुंतागुंतीचे आहे. मालवाहू गाडीचे योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षे वयापर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. व्यावसायिक वाहन चालवण्याचा परवाना पाच वर्षांचा असतो. विमा, प्रदूषण प्रमाणपत्र, राष्ट्रीय परमिटची मंजुरी यांच्या मुदती वेगवेगळ्या. पाच गाड्या आणि सहा चालक असलेल्या पेढीला तीसहून अधिक तारखा सांभाळाव्या लागतात. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या मावत नाहीत. मूळ कागद गाडीत नसला तरी डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवरील प्रत कायद्याने ग्राह्य आहे, पण त्यासाठी कागद जिवंत असावा लागतो. परवान्याची मुदत संपलेल्या चालकाकडून अपघात झाला आणि मालकाने परवाना तपासण्यात कसूर केल्याचे सिद्ध झाले, तर विमा कंपनी जखमीला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. एका चुकलेल्या तारखेपायी दोन पिढ्यांची पुंजी धोक्यात येते, ती अशी.

भाड्याच्या हिशेबातही प्रणाली मोलाची ठरते. दहा किंवा त्यांहून कमी मालवाहू गाड्या असलेल्या वाहतूकदाराने पॅनसह तसे घोषणापत्र दिले, तर भाड्यातून आयकर कपात करावी लागत नाही. घोषणापत्र नसेल तर करावी लागते. वाहतूकदाराला एका दिवसात ३५,००० रुपयांहून अधिक रोख दिली, तर तो खर्च आयकरात मान्य होत नाही. माल हरवला किंवा खराब झाला, तर २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. अन्यथा दावा करता येत नाही. मालाची किंमत अधिक असल्याचे घोषित करून जादा जोखीम दर ठरवला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच मर्यादित राहते. भाडे ४०,००० असेल, तर १२ लाखांच्या कापडापैकी ४ लाखांचीच हमी. बिल्टी फाडताना या ओळीकडे कोणी पाहत नाही. प्रणालीत ही जागा रिकामी सोडताच येणार नाही, अशी सोय करून घेता येते.

इथवर प्रणालीची बाजू झाली. आता तिच्या मर्यादेकडे वळावे, कारण खरा प्रश्न तेथे आहे.

प्रणाली तारीख विसरत नाही, बेरीज चुकत नाही. मात्र तिला जे सांगितले जाते तेच ती जपते. वजनाचे उदाहरण घ्यावे. नोंदणी प्रमाणपत्रावरील मर्यादेपेक्षा तीन टन माल अधिक भरला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार दंड २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये, म्हणजे २६,००० रुपये. शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा, आणि तो उतरेपर्यंत गाडी हलत नाही. हे कलम गाडी चालवणाऱ्यापुरते थांबत नाही. जो ती चालवायला लावतो किंवा चालवू देतो, त्यालाही ते लागू होते. आता गोदामावर काटा न करता अंदाजाने मर्यादेतला आकडा भरला, तर पडद्यावर हिरवी खूण उमटेल. ती खूण ब्रेकवरचा भार हलका करत नाही. घाटाच्या उतारावर त्या तीन टनांचा हिशेब चालकाच्या आणि समोरून येणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला येतो.

चालकाच्या तासांचेही असेच आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ९१ कामाच्या तासांसाठी १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याकडे बोट दाखवते. त्या कायद्याने सर्वसाधारणपणे दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची चौकट घातली. १,३०० किलोमीटर अंतर ताशी सरासरी ५० किलोमीटरने कापायला २६ तास लागतात. दिवसाला ८ तास धरले, तर एकटा चालक चौथ्या दिवशी पोहोचेल. ई-वे बिलाने ७ दिवस दिलेले आहेत. तरीही फोनवरून हुकूम जातो, ‘परवा सकाळी माल लागलाच पाहिजे.’ ही घाई कायद्याची नाही, कराची नाही. ती पेढीची आहे. माल खरोखर दुसऱ्या दिवशी पोहोचवायचा असेल, तर गाडीवर दोन चालक हवेत आणि दुसऱ्याची मजुरी भाड्यात धरलेली हवी. ती मजुरी वाचवणारा व्यापारी खर्च वाचवत नसतो. तो चालकाची झोप उचल म्हणून घेत असतो, आणि ही उचल कोणत्याच खात्यात दिसत नाही.

गाडीवरचे जीपीएस यंत्र हे सारे पाहते. गाडी १६ तास न थांबता धावली, ही नोंद प्रणालीत राहतेच. अशी नोंद रोज मालकासमोर येते आणि तो ती रोज बाजूला सारतो, तेव्हा तीच नोंद पुढे कधीतरी त्याच्याविरुद्धचा पुरावा होते. उलट, सूचना आली तेव्हा गाडी थांबवली, दुसरा चालक पाठवला, ग्राहकाला उशीर कळवला, हेही त्याच नोंदीत दिसते. काळजी घेतल्याचा याहून चांगला दाखला दुसरा नाही.

म्हणून प्रणाली विकत घेण्यापूर्वी एक निर्णय घरात बसून घ्यावा: गाडी थांबवण्याचा अधिकार कोणाचा? बँकांत नोंद करणारा एक आणि ती तपासून मंजूर करणारा दुसरा, अशी शिस्त असते. गोदामावरही तसेच व्हावे. वजनाचा आकडा भरणाऱ्याने काटापावतीचे छायाचित्र जोडावे, आणि दुसऱ्याने ते पाहून गाडी सोडावी. विमा संपला असेल, वजन जास्त असेल, परवाना नसेल, तर प्रणालीने बिल्टी निघूच देऊ नये. हे कुलूप उघडायचेच झाले, तर उघडणाऱ्याचे नाव, वेळ आणि कारण नोंदले जावे. थोरल्या भावाचा फोन आला म्हणून कुलूप उघडले, असे महिन्यात चार वेळा दिसले, तर दोष प्रणालीचा नाही, हे घरातल्या सर्वांना कळेल.

विक्रेत्याला विचारायचे प्रश्नही मोजके आहेत. बदललेल्या नोंदीचा माग राहतो का? सूचना एकालाच जाते की दोघांना? करार संपल्यावर सर्व माहिती आपल्या हाती परत मिळते का? वस्तू व सेवा कराच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. प्रणाली बदलली म्हणून त्या नाहीशा होऊन चालणार नाही. एक-दोन टेम्पो असलेल्या लहान पेढीला मोठ्या प्रणालीची गरज नसते. तारखांची एक तक्ता-वही, सरकारी ई-वे बिल संकेतस्थळ आणि एम-परिवहन एवढ्यावर काम नीट चालते. भाड्याची गाडी लावणाऱ्यानेही माल चढवण्याआधी तिचा विमा आणि योग्यता प्रमाणपत्र मोबाइलवर पाहून घ्यावे. त्याला दोन मिनिटे लागतात.

पेढीची साख बिलावरच्या सहीने जशी टिकते, तशीच ती रस्त्यावरच्या गाडीनेही टिकते. बालोतऱ्याच्या व्यापाऱ्याला माल चौथ्या दिवशी मिळेल, असे सौद्याच्या वेळीच सांगितले, तर तो त्याप्रमाणे आपली तजवीज करतो. ते वाक्य कोणतीही प्रणाली पेढीच्या वतीने बोलणार नाही. सौदा करणाऱ्यानेच ते बोलायचे असते.